विषाणूच्या वाटाड्याचं कूळ

लाल क्लोव्हर या चारापिकावर पडणाऱ्या एका विषाणूचं चलन-प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड लाल भोपळ्याच्या फ्लोएम-रसातल्या एका प्रथिनालाही जाऊन चिकटले. हे संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झालं. प्रथिन भोपळ्याचं स्वतःचं, सीएमपीपी१६ नावाचं. विषाणूच्या प्रथिनासारखंच तेही आरएनएला एका पेशीतून दुसरीत पोचवणारं. ही सोयरीक कळली आणि मी चलन-प्रथिनांच्या कुळाच्या मागे लागलो.

ही ने-आण ज्यांतून होते ते पेशीभित्तिकांमधले बारीक मार्ग, म्हणजे प्लाझ्मोडेस्माटा, एडुआर्ड टँगलने १८७९ मध्ये पाहिले होते. त्यांतून एरवी साधारण एक किलोडाल्टनपर्यंतचेच रेणू जातात. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचं ३० किलोडाल्टनचं चलन-प्रथिन हीच मर्यादा दहाच्या आसपास नेतं, हे १९८९ मध्ये दिसलं.

मग हे प्रथिन विषाणूला मिळालं कुठून? भोपळा पाहून पहिलं उत्तर सुचतं ते उसनवारीचं: झाडाचंच जनुक विषाणूने उचललं. त्याला बळही होतं. मक्याचं नॉटेड-१ हे प्रथिन स्वतःचा संदेशवाहक आरएनए घेऊन याच मार्गांतून जातं, हे १९९५ मध्ये सिद्ध झालं होतं. झाडाची वाहतूक आधीची, विषाणू तिच्यात नंतर शिरला, हे मला आजही पटतं. पण वाहतूक झाडाची म्हणून जनुकही झाडाचं, हे काही त्यातून निघत नाही.

२०२३ मध्ये कृपोविच, कूनिन, डोल्या आणि सहकाऱ्यांनी विषाणूंच्या चलन-प्रथिनांच्या संगणकाने वर्तवलेल्या रचना तपासल्या. घडी निघाली ‘जेली रोल’ जातीची, गोलाकार विषाणूंच्या कवचप्रथिनांची असते तशी. म्हणजे कवचाच्या जनुकाची एक जादा प्रत निराळ्या कामाला लागली, तीही संवहनी वनस्पतींच्या पूर्वजात राहणाऱ्या विषाणूत. इथली खरी गंमत तंबाखूच्या विषाणूत आहे. त्याचं स्वतःचं कवच दंडाकार, त्यातलं प्रथिन सर्पिल कण्यांचं. जेली रोलशी त्याचं नातं नाही. तेव्हा त्याचा वाटाड्या घरचा नव्हे, दुसऱ्या विषाणूच्या घराण्यातून आलेला. संशोधकही म्हणतात, हे जनुक विषाणूंमध्ये आडवं पसरलं. कीटकांचे आणि बुरशीचे विषाणू झाडांत स्थिरावले, तेही बहुधा त्याच्याच जोरावर.

एवढ्याने झाडाची बाजू निकालात निघते असं मी मानत नाही. तंबाखूच्या विषाणूचं चलन-प्रथिन पेशीभित्तिकेतल्या पेक्टिन मिथाइलएस्टरेज या विकराला धरतं. धरणारा तुकडा काढून टाकला की विषाणूचा पेशी-पेशींतला प्रसार थांबतो. घडी कवचाकडून आली खरी, पण ती कशी वाकावी, कुणाला धरावं, हे झाडाने ठरवलं. भोपळ्याच्या प्रथिनाशी दिसणारं साम्यही माझ्या मते रक्ताचं नव्हे. एकाच अरुंद दारातून आरएनए नेणारी दोन वेगळ्या कुळांची प्रथिनं त्या कामामुळेच एकमेकांसारखी झाली असावीत.