म्योसाकांठचे रस्ते : वेठ आणि वहिवाट

१९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक रंगभूमीवर आणिलें. श्री. वि. वर्तकांचें हें नाटक ब्यर्नस्त्यर्ने ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून घेतलेलें होतें, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासांत नमूद आहे. त्या ब्यर्नसनचें घर कोठें होतें आणि तेथें जाणारी वाट कशी होती, हा प्रश्न मात्र अभ्यासकांस सहसा पडत नाहीं. आम्हांस तो पडला, याचें कारण विद्वत्ता नव्हे, तर सायकल होय. आज सुमारें पंचवीस वर्षें आम्ही सायकलीवरून कॉलेजांत जात-येत आहों. रस्त्याचा चढ ज्याच्या पोटऱ्यांना कळतो, त्याला तो रस्ता कोणीं बांधला हेंहि केव्हांतरी विचारावेंसें वाटतेंच.

ऑस्लो शहराच्या उत्तरेस म्योसा हें नॉर्वेंतील सर्वांत मोठें सरोवर पसरलेलें आहे. त्याची लांबी शंभर किलोमीटरांहून अधिक, क्षेत्रफळ सुमारें ३६५ चौरस किलोमीटर आणि खोली ४०० मीटरांहूनहि जास्त. म्हणजे त्याचा तळ समुद्रसपाटीच्या पुष्कळ खालीं जातो. दक्षिणेस आइड्सवोल, पूर्वेच्या कांठावर हामार, उत्तरेच्या टोकास लिलेहामेर, आणि तेथून पुढें डोंगरांत शिरणारें गुडब्रान्सदाल खोरें, असा हा मार्ग आहे. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस स्प्रूस व भूर्ज यांचें रान, मधूनच उतारावरचीं शेतें आणि तांबड्या रंगाचीं धान्यकोठारें. उन्हाळ्यांत रात्रीं उशिरापर्यंत उजेड असतो आणि सायकलस्वार घाई न करितां चालतात. जो प्रवासी येथें येतो त्याला वाटतें कीं ही शांतता निसर्गानें दिली. निसर्गानें तळें दिलें, रान दिलें, हें खरें. परंतु रस्ता निसर्ग देत नाहीं. या रस्त्याचा इतिहास पाहूं गेल्यास त्याच्या आरंभीं वेठ आहे आणि शेवटीं वहिवाट आहे. या दोन शब्दांमधील अंतर हाच आमच्या निबंधाचा विषय होय.

ही वाट प्रथम यात्रेकरूंची. १०३० सालीं स्टिक्लेस्टाडच्या रणांत ओलाव राजा पडला आणि पुढें संत म्हणून पूजिला जाऊं लागला. त्याची समाधी निदारोस येथें, म्हणजे आजच्या त्रोन्डहाइममध्यें. दक्षिणेकडून तेथें जाणारे भाविक म्योसाच्या कांठानें जात. बाराव्या शतकाच्या मध्यास हामार येथें बिशपचें पीठ स्थापन झालें व दगडी मंदिर उभें राहिलें. १५३७ सालीं धर्मसुधारणा आली आणि यात्रा थांबली. १५६७ सालीं स्वीडिश सैन्यानें तें मंदिर उद्ध्वस्त केलें. उरलेल्या कमानींवर १९९८ सालीं कांचेचें प्रचंड छत्र उभारण्यांत आलें आहे. ऊनपावसापासून भग्नावशेषांचें रक्षण व्हावें म्हणून एवढा खर्च करणारें राष्ट्र आपल्या जुन्या वाटा विसरत नाहीं, यांत नवल नाहीं. १९९७ सालीं निदारोसची पायवाट यात्रेकरूंसाठीं पुन्हा खुली करण्यांत आली. सायकलीनें जाणाऱ्यांकरितां तर त्रोन्डहाइमपासून थेट स्पेनमधील सान्तियागोपर्यंत यात्रामार्ग आंखलेला आहे.

परंतु यात्रेकरू वाट तुडवितो. ती बांधतो दुसराच. मागनूस राजाच्या १२७४ च्या देशविधींतच सार्वजनिक रस्ता आठ हात रुंद असावा व तो शेतकऱ्यांनीं राखावा, असें सांगितलेलें आहे. हा नियम शतकानुशतकें टिकला. प्रत्येक शेतवाडीकडे तिच्या जमिनीच्या मानानें रस्त्याची एक तुकडी नेमून दिलेली असे. या तुकडीस तिकडे 'रोडे' म्हणतात. खड्डे भरणें, पाणी काढून देणें, हिंवाळ्यांत बर्फ दूर करणें, सर्व त्या शेतकऱ्याच्या माथीं. तुकडी जेथें सुरू होई तेथें वाडीचें नांव घातलेला खांब रोंवीत, म्हणजे कामांत कसूर कोणाची हें अधिकाऱ्यास जातां जातां कळावें. असे कांहीं खांब अद्यापि रस्त्याच्या कडेस उभे आहेत. आज सायकलस्वार त्यांस टेकून पाणी पितो. एके काळीं तो खांब शेतकऱ्याच्या नांवानें लिहिलेला रोजचा हुकूम होता. याखेरीज प्रवाशांस घोडे पुरविण्याचीहि सक्ती असे. पेरणीची घाई असो कीं कापणीची, सरकारी माणूस दारांत आला कीं नांगराचा घोडा सोडून द्यावा लागे. यालाच आमच्या भाषेंत वेठ म्हणतात.

या वेठीच्या इतिहासांत एक विसंगति आहे, ती आइड्सवोल येथें दृष्टीस पडते. १८१४ च्या वसंतांत याच गांवीं ११२ प्रतिनिधि जमले आणि १७ मे रोजीं त्यांनीं नॉर्वेची राज्यघटना सिद्ध केली. त्यांत कित्येक शेतकरी होते. देशाच्या उत्तर टोकाचे प्रतिनिधि मात्र त्या सभेंत नव्हते. अंतर इतकें दूरचें व दळणवळण इतकें मंद कीं ते वेळेवर पोंचूंच शकले नाहींत. म्हणजे घटनासभेंत कोण बसणार हेंहि त्या वेळीं वाटांनीं ठरविलें! आणि घटनेनें शेतकऱ्यास मताधिकार दिला, तरी रस्त्याची वेठ कांहीं सुटली नाहीं. उलट १८२४ सालीं देशाचा पहिला रस्तेविषयक कायदा झाला, त्यांत तें ओझें नीट नियमांत बसवून शेतकऱ्याच्याच खांद्यावर ठेवण्यांत आलें. राजकीय स्वातंत्र्य एका दिवसांत लिहितां येतें. खांद्यावरचें ओझें उतरावयास पिढ्या लागतात.

तें ओझें हलकें होण्यास आरंभ झाला तो वाफेच्या शक्तीनें. १ सप्टेंबर १८५४ रोजीं ऑस्लो, म्हणजे तेव्हांचें क्रिस्तियानिया, येथून आइड्सवोलपर्यंत ६८ किलोमीटरांचा लोहमार्ग सुरू झाला. नॉर्वेंतील ही पहिली सार्वजनिक रेल्वे. तिचा सूत्रधार इंग्रज स्थापत्यविशारद रॉबर्ट स्टीफन्सन हा होता. मराठी वाचकास हें नांव परकें वाटूं नये. आमच्या जी. आय. पी. रेल्वेचा सल्लागारहि स्टीफन्सनच होता, आणि मुंबई-ठाणें मार्ग बांधणारा जेम्स बर्कले हा त्याचाच शिष्य. मुंबईची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली, म्योसाकडची पुढच्या वर्षीं. एकाच गुरूच्या हाताखालीं दोन दूर देशांतील रूळ जवळजवळ एकदमच अंथरले गेले. तिकडे मुख्य माल होता लांकूड. रूळ आइड्सवोलला संपत, तेथून पुढें पाणी. म्हणून १८५६ सालीं म्योसावर 'शिब्लादनेर' ही चाकांची आगबोट आली व सरोवराकांठचीं गांवें तिनें जोडलीं. जुन्या पुराणकथेंतील फ्राय देवाच्या नौकेचें हें नांव. १८८० सालीं लोहमार्ग हामारला पोंचला, १८९४ सालीं लिलेहामेरच्याहि पुढें गेला. लांबचा प्रवासी व जड माल कांठच्या रस्त्यावरून उठला, आणि रस्ता ओस पडला.

नेमक्या त्याच काळांत सायकल आली. १८८८ सालीं डनलॉपनें हवेचें टायर काढलें आणि खडीच्या रस्त्यावरहि दुचाकी सुसह्य झाली. ज्या रस्त्याला व्यापार सोडून गेला होता त्याला हा नवा, निःशब्द प्रवासी मिळाला. पुढें मोटार आली व रस्ता पुन्हा गजबजला. १९६७ सालीं त्रोन्डहाइम ते ऑस्लो सुमारें ५४० किलोमीटर सायकलीनें जाण्याची कसोटी प्रथम भरली. नॉर्वेच्या भाषेंत तिचें नांवच 'शक्तिपरीक्षा' असें आहे. डोव्रेचें पठार, गुडब्रान्सदाल आणि म्योसाचा कांठ, हाच तिचा जुना मार्ग. अलीकडच्या दशकांत चौपदरी हमरस्त्यानें मोटारींची गर्दी आपल्याकडे ओढून घेतली, आणि जुना कांठरस्ता बऱ्याच ठिकाणीं दुसऱ्यांदा शांत झाला. ज्या शांततेसाठीं आज प्रवासी येतात, ती अशी एका वाहतुकीमागून दुसरी निघून गेल्यामुळें मागें उरलेली आहे.

रस्ता मागें उरण्याचें याहून ठळक उदाहरण याच देशाच्या पश्चिमेस, ऑस्लो-बर्गन लोहमार्गालगत आहे. तो मार्ग १९०९ सालीं पूर्ण झाला. तत्पूर्वीं निर्जन पठारावर सामान नेण्यासाठीं मजुरांकरितां एक रस्ता पाडावा लागला. 'रालार' म्हणजे रेल्वेचा खोदकामगार. त्याच्या नांवावरून त्या रस्त्यास 'रालारवेगेन' म्हणतात. येथें वेठ नव्हती, रोजमुरा होता. पण थंडी, सुरुंग आणि बर्फ यांच्यापुढें त्या रोजमुऱ्याची किंमत काय, याची कल्पना वाचकानें करावी. गाडी सुरू झाली आणि रस्त्याचें काम संपलें. १९७४ पासून तो सायकलस्वारांसाठीं खुला आहे. हाउगास्टोलहून फिन्सेवरून फ्लोमच्या खाडीपर्यंत सुमारें ८० किलोमीटर. वर १३४३ मीटरांवर डोंगरी तळीं, जुलै उजाडेपर्यंत न वितळणारें बर्फ, आणि शेवटीं दरींतील भूर्जांचें रान. मजुरांनीं पोटासाठीं जी वाट पाडली ती त्यांच्या पणतवंडांस सुटीची वाट झाली.

आतां वहिवाटीकडे वळूं. नॉर्वेंत कोणाच्याहि मालकीच्या रानांतून, डोंगरांतून कोणासहि जातां यावें, अशी फार जुनी रूढि होती. १९५७ सालीं तिला कायद्याचें रूप मिळालें. रानांतील वाटांवरून पायीं व सायकलीनें जाण्यास मालकाची परवानगी लागत नाहीं. वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर तंबू ठोकतां येतो. अर्थात् या हक्काला मर्यादाहि आहेत. पीक उभें असतां शेतांतून जातां येत नाहीं, आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानांत वा रानालगत विस्तव पेटवितां येत नाहीं. जो शेतकरी एके काळीं दुसऱ्याच्या प्रवासासाठीं राबे, त्याच्याच वंशजास आज दुसऱ्याच्या रानांतून फिरण्याचा हक्क आहे, आणि रस्त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीवर आहे.

आमच्या भाषेनें 'वहिवाट' या शब्दांत 'वाट' सांठवून ठेविली आहे, ही सहज घडलेली गोष्ट नसावी. वाटेवरचा हक्क चालण्यानें उत्पन्न होतो आणि चालणें थांबलें कीं बुडतो. हें आमच्या खेड्यांतील पाणंदींचे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको. नॉर्वेच्या कायद्याचें खरें रक्षण न्यायालय करीत नसून म्योसाच्या कांठानें दर उन्हाळ्यांत जाणारीं माणसें करीत आहेत, असें आम्हांस वाटतें.

लिलेहामेरहून एक फांटा गाउसडाल खोऱ्यांत जातो. तेथें औलेस्टाड या शेतवाडींत १८७५ पासून ब्यर्नसन राहत असे. ही वाडी त्यानें आदल्या वर्षीं विकत घेतली होती. देशाचें राष्ट्रगीत लिहिणारा, १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारा हा पुरुष स्वतःस शेतकरी म्हणवून घेण्यांत भूषण मानी. त्याचें घर आज सर्वांस पाहावयास खुलें आहे. तेथें जाणाऱ्या मराठी माणसानें 'आंधळ्यांची शाळा' आठवावी, हें योग्यच. पण वाटेंत एखादा जुना खांब दिसल्यास सायकलीवरून उतरून त्याच्यावरचें शेताचें नांवहि वाचावें.