एका घासाचा इतिहास

गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, आज अकरावा दिवस. तो काहीच खात नाहीये." तो म्हणजे त्याने पाळलेला ॲक्सोलोटल. जन्मभर पाण्यात राहणारा, वीतभर लांबीचा, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले मिरवणारा फिकट गुलाबी प्राणी. सॅलमँडरच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोचा. मी त्याला आपल्या घराण्यात चालत आलेला सल्ला दिला, "लाड करू नकोस. भूक लागली की खाईल." सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातली गांडुळं घालून बघ, असंही वर सांगितलं. त्याने घातली. प्राण्याने तोंड उघडलं, गांडूळ आत ओढलं आणि लगेच थुंकून टाकलं. तीनदा तेच. "नखरे आहेत," असं म्हणून मी फोन ठेवला.

माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. माणसाने कोणकोणते प्राणी ताब्यात घेतले आणि कशासाठी, याचा नाद मात्र वीस वर्षांपासूनचा आहे. ॲक्सोलोटलवरची टिपणं माझ्या वहीत आधीच होती. तो युरोपात कधी पोचला, कोणी त्याला काय नाव दिलं, हे सगळं त्यांत होतं. तो काय खात होता, हे मात्र मी कुठेच टिपून घेतलं नव्हतं. त्या फोननंतर तेवढ्या एका प्रश्नासाठी जुनी पानं पुन्हा उघडली.

पहिली गंमत अशी की मूळ गावी तो खाणारा म्हणून नव्हे, खाद्य म्हणूनच नोंदला गेला आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्री बेर्नार्दिनो दे साहागुन याने नाहुआत्ल भाषकांच्या मदतीने जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात ॲक्सोलोटल चवीला उत्तम, सरदार लोकांचं खाणं, अशी नोंद आहे. त्याच ग्रंथात शोलोत्ल देवाची कथा येते. मरण चुकवण्यासाठी हा देव पळत सुटतो, आधी मक्याच्या ताटात लपतो, मग घायपाताच्या जातीच्या मागेमध्ये, आणि शेवटी पाण्यात शिरून ॲक्सोलोटल होतो. तिथे तो पकडला जातो आणि मारला जातो.

1864 साली मेक्सिकोतल्या फ्रेंच मोहिमेमागोमाग 34 जिवंत ॲक्सोलोटल पॅरिसला आले. त्यांतले सहा तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ऑग्युस्त द्युमेरील यांच्याकडे गेले. पाच नर, एक मादी. जानेवारी 1865 मध्ये मादीने अंडी घातली, आणि त्याच वर्षी वाढलेल्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले झडून ती जमिनीवरच्या सॅलमँडरसारखी दिसू लागली. आईबाप मात्र त्याच पाण्यात होते तसेच राहिले. या कोड्याने युरोप वेडा झाला. द्युमेरील यांनी मागेल त्याला प्राणी दिले, आणि प्रयोगशाळांतली व घरांतली आजची बहुतेक प्रजा त्या आलेल्या जथ्याचीच पणतवंडं-खापरपणतवंडं आहे. मूळ प्राण्यांत पांढरा रंगही होता. भाच्याच्या टाकीतला गुलाबी जीव त्या अर्थाने पॅरिसचा नातू.

यानंतरच्या कागदांत मला माझी बाई सापडली. मारी फॉन शोव्हाँ. जर्मनीत फ्रायबुर्गला ऑगस्ट वाइसमान प्राध्यापक होते. पिल्लांना सक्तीने जमिनीवर आणता येईल का, हा त्यांचा प्रश्न, आणि प्रयोग यशस्वी करून दाखवला तो शोव्हाँबाईंनी. त्यांचं निवेदन वाइसमान यांच्या लेखातच छापलेलं आहे. इंग्रजी भाषांतर 1882 च्या सुमाराचं, मी तेच वाचलं. 12 जून 1874 रोजी त्यांनी आठेक दिवसांच्या पाच पिल्लांवर काम सुरू केलं. बारांपैकी तेवढीच उरली होती. रूपांतराचं रहस्य सांगण्याआधी बाई पाण्याबद्दल आणि अन्नाबद्दल लिहितात. ही पिल्लं इतकी नाजूक की सुरुवातीला पाण्याचा दर्जा, त्याचं तापमान, अन्नाचा प्रकार आणि प्रमाण यांवरच सगळं अवलंबून असतं, असा त्याचा आशय. आधी पाणपिसवा, मग पाण्यातले मोठे जीव, तेही मुबलक. पुढे पाणी उथळ करत नेऊन त्यांनी प्राणी जमिनीवर आणले. विज्ञानाच्या इतिहासात गाजलं ते उथळ पाणी. पाणपिसवांचं वाक्य कोणी उद्धृत करताना मला आढळलं नाही. मीही पहिल्या वाचनात ते ओलांडूनच गेलो होतो.

विसाव्या शतकात घास हाच प्रयोग झाला. 1912 मध्ये गुडरनाच यांनी बेडकाच्या पिल्लांना अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉईड, खायला घातली आणि ती वेळेआधीच बेडूक झाली. पुढच्याच वर्षी विलेम लाउफबर्गर या तेविशीतल्या चेक तरुणाने ॲक्सोलोटलला तेच खाऊ घातलं. कल्ले झडले, शेपटीवरचा पडदा गेला, प्राणी हवेत श्वास घेऊ लागला. लेख चेक भाषेत छापला गेला, त्यामुळे जगाला पत्ता लागला नाही. 1920 मध्ये ज्युलियन हक्स्ली यांनी बैलाची ग्रंथी घालून तोच परिणाम दाखवला, तो 'नेचर'मध्ये इंग्रजीत आला आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनी चिरतारुण्याचा शोध लागल्याची हाकाटी केली. (मराठीत संशोधन लिहिणाऱ्याला लाउफबर्गरबद्दल थोडं जास्त वाटतं, हे कबूल करतो.) त्या घासाने प्राण्याचं पोट भरलं का, हे विचारण्याचं कोणालाच कारण नव्हतं.

मग आल्या मोठ्या वसाहती. रूफस हम्फ्री यांनी बफेलोला जोपासलेली प्रजा 1957 मध्ये इंडियाना विद्यापीठात गेली आणि 2005 मध्ये केंटकीला. शेकडो प्राण्यांना रोज जिवंत भक्ष्य कोण पुरवणार? प्रयोगशाळांत गुरांच्या कलेजीच्या पट्ट्या चालल्या, पुढे सॅमन माशांसाठी बनवलेल्या मऊ गोळ्या आल्या. आजच्या दुकानातली गोळी ही त्या सोयीची वारस. ती वाईट नाही, पण तिची निवड माणसाने आपल्या वेळापत्रकासाठी केली, हे विसरलं की प्राणी नखरेबाज दिसू लागतो.

त्याचं खाणं मुळात असं आहे. डोळे अधू, पण अंगावरच्या संवेदकांना पाण्यातली हालचाल कळते आणि वास कळतो. भक्ष्य जवळ आलं की तोंड एकदम उघडायचं, पाण्यासकट आत ओढायचं. दात बारीक, फक्त धरण्यापुरते, चावणं नाही. त्यामुळे डोक्याच्या रुंदीहून मोठा तुकडा चालत नाही, आणि टाकीत बारीक खडी असेल तर तीही घासाबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबतं. कोवळ्या पिल्लांना तर न हलणारं अन्न हे अन्नच वाटत नाही. गर्दीत हलतो तो भावंडाचा पाय, मग पाय जातो. तो पुन्हा उगवतो, आणि त्या उगवण्यासाठीच प्रयोगशाळा त्यांना पाळतात.

आणि पाणी. शोचिमिल्कोचे कालवे समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरांवर आहेत. तिथल्या जिवाला 16 ते 18 अंश मानवतात. 24 च्या वर तो अन्न सोडतो. इथे मी पुस्तक मिटलं आणि भाच्याला फोन केला. "पाणी किती अंशांवर आहे?"

"अठ्ठावीस."

अकरा दिवस आम्ही दोघं त्याच्या स्वभावावर बोलत होतो.

गांडुळाचाही उलगडा झाला. आपल्याकडे खतासाठी सर्रास वापरलं जाणारं लाल-पट्टेदार गांडूळ, आयसेनिया फेटिडा, डिवचलं की अंगातून पिवळट, उग्र वासाचा स्राव सोडतं. ते त्याचं संरक्षण. थुंकणं हा प्राण्याचा सरळ निर्णय होता. कचरा लवकर कुजवण्यासाठी आपण निवडलेला जीव मी अन्न म्हणून पुढे केला होता.

शोचिमिल्कोला मात्र त्याच्या खाण्याचा प्रश्न उरलेला नाही, तोच उरत चालला आहे. माणसांच्या पोटासाठी सोडलेल्या कार्प आणि तिलापिया माशांनी त्याची अंडी आणि भक्ष्य दोन्ही खाल्लं, शहराच्या सांडपाण्याने उरलेलं केलं. 1998 मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे 6000 प्राणी मोजले गेले होते. 2014 मध्ये 36. सरदारांचं खाणं मागणाऱ्यांनी त्याला संपवलं नाही, स्वस्त मासा हवा असणाऱ्यांनी संपवत आणलं. आणि त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते.

भाच्याने टाकीवर टेबलफॅन लावला, बर्फाच्या बाटल्या आळीपाळीने सोडून दोन दिवसांत पाणी हळूहळू विशीच्या आसपास आणलं. तळातली खडी काढली. मी आमच्या परसातली, कधी औषध न फवारलेल्या मातीतली साधी गांडुळं ओल्या मातीसकट जुन्या श्रीखंडाच्या डब्यात भरून एसटीने नेली. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी डब्यात काय आहे विचारलं, मी "रोपं" म्हणालो. पहिल्या संध्याकाळी त्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या संध्याकाळी भाच्याने इंचभर तुकडा चिमट्यात धरून नाकासमोर हळूच हलवला. पाण्याला हिसका बसला आणि चिमटा रिकामा झाला. आम्ही दोघं थुंकण्याची वाट पाहत बसलो. पाच मिनिटं, मग दहा.

"मामा, अजून एक देऊ?"

"आज नको," मी म्हणालो. डब्यातली बाकीची माती ओली आहे का, ते बघायला मी उठलो.