निमुळत्या पाइप-आट्यांसाठी छिद्र तयार करणे

धातूच्या भागात निमुळते पाइप-आटे पाडण्यापूर्वी योग्य व्यासाचे, खोलीचे आणि आकाराचे छिद्र घेण्याच्या प्रक्रियेस निमुळत्या पाइप-आट्यांसाठी छिद्र तयार करणे असे म्हणतात. पाणी, वाफ, तेल, वायू आणि दाबाखालील हवा वाहून नेणाऱ्या यंत्रभागांत अशी छिद्रे आवश्यक असतात. जोड गळतीविना टिकणे बऱ्याच अंशी या पूर्वतयारीवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

साध्या बोल्टच्या आट्यांचा व्यास सर्व लांबीत सारखा असतो. निमुळत्या पाइप-आट्यांचा व्यास मात्र १:१६ या प्रमाणात कमी होत जातो, म्हणजे १६ मिमी लांबीत १ मिमी. अक्षाशी होणारा कोन सुमारे १ अंश ४७ मिनिटे असतो. त्यामुळे जोड फिरवला असता आटे पाचरीप्रमाणे एकमेकांत घट्ट बसतात.

अशा आट्यांच्या दोन पद्धती प्रामुख्याने प्रचलित आहेत. अमेरिकी पद्धत (एनपीटी) ६० अंशांच्या आट्यांवर आधारित असून तिचा पाया रॉबर्ट ब्रिग्ज यांनी घातला. १८८६ मध्ये ती अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारण्यात आली. ब्रिटिश पद्धत (बीएसपीटी) जोसेफ व्हिटवर्थ यांच्या ५५ अंशांच्या आट्यांवर आधारित असून आयएसओ ७ या आंतरराष्ट्रीय मानकात तिचा समावेश आहे. भारतातील आयएस ५५४ हे मानकही याच पद्धतीचे आहे. १/२ आणि ३/४ इंच मापांत दोन्ही पद्धतींत दर इंचास १४ आटे असल्याने एका पद्धतीचा भाग दुसऱ्यात काही फेरे बसतो. तथापि आट्यांचा कोन आणि व्यास भिन्न असल्याने असा जोड विश्वासार्ह ठरत नाही. म्हणून छिद्र घेण्यापूर्वी पद्धत निश्चित करणे ही पहिली पायरी होय.

मापाविषयी होणारा गैरसमज

पाइपचे नाममाप हे आट्यांचे प्रत्यक्ष माप नसते. १/२ इंच एनपीटी पाइपचा बाह्य व्यास २१.३४ मिमी असतो. त्यामुळे नाममापावरून ड्रिल निवडता येत नाही. त्यासाठी तक्ता पाहावा लागतो.

ड्रिलची निवड

छिद्र दोन रीतींनी तयार करता येते : केवळ सरळ ड्रिल वापरून, किंवा लहान ड्रिल वापरून नंतर १:१६ निमुळत्या रीमरने आकार देऊन. एनपीटी पद्धतीसाठी यंत्रशाळांत सर्वसाधारणपणे पुढील मापे वापरतात.

• १/८ इंच (दर इंचास २७ आटे) : रीमरविना ८.६ मिमी, रीमरसह ८.३ मिमी
• १/४ इंच (१८ आटे) : रीमरविना ११.१ मिमी, रीमरसह १०.७ मिमी
• १/२ इंच (१४ आटे) : रीमरविना १८.३ मिमी, रीमरसह १७.५ मिमी
• ३/४ इंच (१४ आटे) : रीमरविना २३.४ मिमी; रीमरसह २२.६ मिमी
• १ इंच (साडेअकरा आटे) : रीमरविना २९.४ मिमी, रीमरसह २८.६ मिमी

सरळ छिद्रात तोंडापाशी आटे जवळजवळ पूर्ण उंचीचे होतात; आत मात्र टॅपचा व्यास घटत जातो आणि छिद्राचा तेवढाच राहतो. १/२ इंच मापात हाताने घट्ट बसणारी लांबी सुमारे ८.१ मिमी असते. तेवढ्या अंतरात टॅपचा व्यास सुमारे अर्धा मिमी कमी होत असल्याने आतील आटे बोथट माथ्याचे राहतात. रीमर वापरल्यास ही त्रुटी दूर होते. टॅपला कापावा लागणारा धातूही सर्व लांबीत सारखा होतो आणि त्यावरील ताण घटतो. उच्च दाबाच्या अथवा धोकादायक वायूच्या जोडांसाठी रीमरची पद्धत श्रेयस्कर मानली जाते.

छिद्र आणि टॅपची खोली

आट्यांचा आकार आणि आट्यांची पूर्णता या दोन भिन्न गोष्टी आहेत. छिद्राचा व्यास आट्यांची उंची ठरवतो, तर टॅप किती खोल गेला यावर आट्यांचा व्यास ठरतो. मोठे छिद्र घेतल्यास आटे उथळ होतात आणि त्यांच्या माथ्यालगत गळतीला सर्पिल वाट मिळते. लहान छिद्र घेतल्यास टॅपवर अतिरिक्त भार येऊन तो तुटण्याचा संभव असतो. निमुळत्या टॅपचे कापणारे दात एकाच वेळी मोठ्या लांबीत धातूला भिडतात, म्हणून साध्या टॅपपेक्षा त्यास अधिक बल लागते.

टॅप गरजेपेक्षा खोल नेल्यास बाह्य आटे घट्ट होण्यापूर्वीच संपतात. दर इंचास १४ आट्यांच्या मापात टॅपचा प्रत्येक अतिरिक्त फेरा आट्यांचा व्यास सुमारे ०.११ मिमीने वाढवतो. बंद छिद्र टॅपच्या पुढील टोकास जागा राहील इतके खोल असावे. शक्य असेल तेथे आरपार छिद्र घेतल्यास कीस बाहेर पडण्यास मदत होते. भोवतीची भिंत पुरेशी जाड असणेही आवश्यक आहे.

प्रत्यक्ष क्रिया

ड्रिल पृष्ठभागाला काटकोनात असावे, कारण वाकडे छिद्र नंतर सुधारता येत नाही. हाताच्या ड्रिलने छिद्र किंचित मोठे होण्याची शक्यता असते. ड्रिलनंतर छिद्राच्या तोंडाची कड उतरवतात. पोलादासाठी कर्तन-तेल, अ‍ॅल्युमिनियमसाठी रॉकेलसारखे पातळ वंगण वापरण्याचा प्रघात आहे. बीड सहसा कोरडेच कापतात. टॅप थोडा पुढे नेऊन मागे फिरवल्याने कीस तुटतो.

तपासणी

तयार आटे निमुळत्या प्लग गेजने तपासतात. एनपीटी पद्धतीत गेज हाताने घट्ट बसवल्यावर त्यावरील खाच छिद्राच्या तोंडाशी समपातळीत, एका फेऱ्याच्या मर्यादेत यावी लागते. गेज मधूनमधून बसवून पाहत टॅप थोडाथोडा पुढे नेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय.

दोष आणि धोके

आटे बरोबर असले तरी सामान्य एनपीटी आणि बीएसपीटी जोडांत टेफ्लॉन टेप किंवा तत्सम सीलक लागते. एनपीटीएफ ही कोरड्या सीलसाठीची वेगळी पद्धत आहे. सदोष छिद्राची गळती जोड अधिक आवळून थांबवण्याचा प्रयत्न धोकादायक ठरू शकतो. पाचरीच्या दाबाने बीड किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव भाग तडकतात आणि महागडा भाग निकामी होतो.