रेशमी जाळींतून उतरलेलें नांव

धंद्याच्या निमित्तानें कोणी गृहस्थ भेटावयास आले म्हणजे प्रथम आपलें कार्ड पुढें करतात. आपण त्यावरील नांव वाचतों आणि तें खिशांत टाकतों. तें छापलें कसें गेलें हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या शहरांतून निघालेल्या अशा कार्डांपैकीं व लग्नपत्रिकांपैकीं पुष्कळशा 'स्क्रीन प्रिंटिंग'नें छापलेल्या होत्या. ही पद्धति दिसावयास साधी असली तरी तिची वंशावळ मोठी मनोरंजक आहे.

पत्र्यास भोंकें पाडून केलेला रांगोळीचा छाप वाचकांनीं पाहिलेलाच असेल. पत्र्यांत अक्षरें कापून पोत्यांवर वा ट्रंकेवर नांव उठविण्याची युक्तीहि त्याच जातीची. परंतु तींत एक अडचण आहे. 'व' हें अक्षर कापावयास घ्या; त्याच्या पोटांतला तुकडा कशाच्याहि आधारावांचून निखळून पडतो. तो राहावा म्हणून मध्यें दांडी सोडावी, तर अक्षर तुटकें उमटतें. पोत्यावर हें खपून जातें. सभ्य गृहस्थाच्या नांवाची मात्र त्यानें शोभा होत नाहीं.

ही अडचण जपानांत फार पूर्वींच सोडविली गेली होती. इसे प्रांतांतील शिरोको व जिके या गांवीं किमोनोच्या कापडावर नक्षी उठविण्यासाठीं कागदी साचे कापीत. तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा कागद, त्याचे थर एका जातीच्या फळाच्या तुरट रसानें चिकटविलेले. त्यांतून केसासारख्या बारीक रेघा कापावयाच्या. कापलेला साचा हलूं नये म्हणून दोन पातळ कागदांच्या मध्यें रेशमाचे धागे ताणून बसवीत. धागा इतका सूक्ष्म, कीं भाताची खळ त्याच्या दोन्ही बाजूंनीं खालीं उतरे आणि कापडावर त्याची खूणहि राहात नसे. हें धागे बसविण्याचें काम करणाऱ्या जोनोकुची मिए या बाईंस इ.स. १९५५ मध्यें जपान सरकारनें राष्ट्रीय सन्मान दिला. त्यांच्या पूर्वीं हेंच काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्या हातांचीं नांवें मात्र इतिहासानें टिपून ठेवलीं नाहींत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जपानचीं दारें उघडलीं आणि हे साचे युरोपांतील संग्रहालयांत जाऊन पोंचले. पुढें इ.स. १९०७ मध्यें मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यानें चौकटीवर ताणलेल्या रेशमी कापडांतून छापण्याच्या पद्धतीचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून या शोधाचें श्रेय त्याच्या पदरीं घालण्याची वहिवाट पडली आहे. आमच्या मतें हें अर्धेंच खरें. जपानी कारागिराचे चार धागे दाट झाले आणि त्यांचीच जाळी झाली, एवढेंच नवें. जाळीचें रेशीमहि छापखान्यासाठीं जन्मलेलें नव्हतें. गिरणींतलें पीठ चाळण्यासाठीं तें विणीत. आपल्याकडे औषधाची पूड वस्त्रगाळ करतात, तसेंच हें.

खरी क्रांति केली ती प्रकाशानें. क्रोमियमचा क्षार मिसळलेलें जिलेटिन उजेडांत घट्ट होतें, ही गोष्ट फॉक्स टॅल्बट यानें इ.स. १८५२ मध्येंच ओळखली होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंतील कारागिरांनीं ती जाळीच्या कामीं लावली. जाळीवर लेप द्यावा, वर पारदर्शक पत्र्यावर काळ्या शाईनें रेखलेला मजकूर ठेवावा आणि प्रखर उजेड दाखवावा. अक्षराच्या छायेंतला लेप मऊ राहून पाण्यानें धुऊन जातो, बाकीचा पक्का होतो. मग शाई ओतून रबराच्या पट्टीनें ओढली, कीं 'व'चें पोट जाग्यावर राहून नांव कागदावर उतरतें.

देवनागरीच्या दृष्टीनें याचें महत्त्व मोठें आहे. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं इ.स. १८३१ मध्यें पंचांग छापलें तें शिळाछापावर. म्हणजे लेखकाच्या हातचें वळण जसेंच्या तसें कागदावर येई. पुढें जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरानें (स्थापना १८६९) सुबक टाइप दिले, आणि त्यांचें ऋण मराठी वाचक कधींहि फेडूं शकणार नाहीं. परंतु जोडाक्षरें, मात्रा, रफार मिळून देवनागरीस शेंकडों खिळे लागत; लहान छापखान्यांत ठराविक वळणाचा एखादाच संच असे. ट्रेडलवर शंभर कार्डें छापून मिळत खरीं, पण वकील, वैद्य आणि भांड्यांचा व्यापारी या सर्वांचीं नांवें एकाच साच्याचीं. जाळीनें हें बंधन काढलें. चित्रकारानें कुंचल्यानें काढलेलें अक्षर, दुकानाची खूण, एवढेंच काय मालकाची सहीहि तींतून उतरूं लागली. शिळाछापाबरोबर गेलेलें हाताचें वळण असें मागल्या दारानें परत आलें, आणि तेंहि जड दगडावांचून.

भांडवलहि थोडेंच लागे. एक टेबल, लांकडी चौकट, रबराची पट्टी आणि वाळत घालण्यास जागा, एवढ्यावर घरच्या घरीं धंदा चाले. रंगामागें निराळी चौकट, आणि प्रत्येक रंग वाळेपर्यंत खोळंबा; पत्रिकांच्या हंगामांत घरांत पाय ठेवावयास जागा नसे आणि सर्वत्र रॉकेलचा वास दरवळे! ऑफसेट व संगणकी छपाईनें यांतलें पुष्कळसें काम ओढून नेलें. तथापि काळ्या वा गडद कार्डावर पांढरें अक्षर हवें असेल, तर गिऱ्हाईक आजहि जाळीवाल्याकडे जातें. त्याची शाई दाट बसते. कार्डावरून आंगठा फिरविला तर नांव बोटास लागतें.