पाचवा माणूस

ऑगस्ट महिना लागला की अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर एक ठरावीक चिंता दिसू लागते. हंगाम सुरू व्हायला तीन-चार आठवडे असतात, संघाच्या सरावछावण्या चालू असतात आणि लिहिणारे विचारत असतात, की बचावफळीत पुढे उभे राहणारे चौघे तर ठीक आहेत. पण त्यांच्या मागे कोण? एकाचा गुडघा गेला, दुसऱ्याचा घोटा मुरगळला, तर उरलेला हंगाम कुणाच्या जिवावर काढायचा? या चिंतेला तिकडे 'डेप्थ' म्हणतात. आपल्या गिरण्यांच्या भाषेत सांगायचे तर बदली किती आणि कसे, एवढाच हा प्रश्न.

हा फुटबॉल म्हणजे आपण कूपरेजवर किंवा मडगावला पाहतो तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. खेळ काही सेकंदांच्या तुकड्यांत चालतो आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला दोन्ही संघांचे सर्वांत धिप्पाड लोक एकमेकांसमोर वाकून बसतात व इशारा होताच एकमेकांवर आदळतात. बचाव करणाऱ्या बाजूच्या या पहिल्या रांगेला 'डिफेन्सिव्ह लाइन' म्हणतात. एका सामन्यात असे साठ-सत्तर वेळा आदळावे लागते. आज व्यावसायिक संघात 53 खेळाडू असतात आणि त्यांतले आठ-नऊ फक्त या एका रांगेसाठी ठेवलेले असतात. उभे राहतात चारच, काही रचनांत तर तीनच.

चार जागांना नऊ माणसे लागतात, ही गरज मुळात निर्माण कधी झाली, या प्रश्नाने मला या इतिहासात ओढले. कारण खेळाच्या पहिल्या साठ वर्षांत ती नव्हती.

1880 साली वॉल्टर कँप यांच्या आग्रहाने एका बाजूचे खेळाडू अकरा ठरले. हेच अकरा जण चढाई करत आणि चेंडू दुसऱ्याकडे गेला की तेच बचावाला उभे राहत. बदली खेळाडू घेता येई, पण बाहेर गेलेल्या माणसाला सहजी परत येता येत नसे. तपशील वेळोवेळी बदलले. 1930च्या दशकात नियम असा होता, की सामन्याच्या ज्या चतुर्थांशात तुम्ही बाहेर पडलात, त्या चतुर्थांशात पुन्हा आत पाऊल टाकायचे नाही. त्यामुळे दमलेला, लंगडणारा माणूससुद्धा मैदान सोडायला तयार नसे. टिकून राहणे हेच कौशल्य मानले जाई. त्याची किंमतही मोजली जात होती. 1905 साली मैदानावरच्या मृत्यूंचा एवढा गवगवा झाला, की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, खेळ थोडा मोकळा झाला. बदलीचा नियम मात्र कडकच राहिला.

तो सैल झाला 1941 साली, अमेरिका महायुद्धात उतरण्याआधीच. महाविद्यालयीन नियमसमितीने खेळाडू कधीही बदलायला मुभा दिली. याचा खरा अर्थ ध्यानात यायला चार वर्षे लागली. 13 ऑक्टोबर 1945 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर मिशिगन आणि लष्करी अकादमीचा संघ समोरासमोर आले. लष्कराचा संघ त्या काळातला सर्वांत बलाढ्य, तर मिशिगनकडे बहुतांश सतरा-अठरा वर्षांची पोरे. मोठी मुले युद्धावर होती. प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी शक्कल काढली. चढाईला एक तुकडी, बचावाला दुसरी. पोरे निदान ताज्या दमाची तरी राहतील! मिशिगन 28-7 असे हरले खरे, पण बराच वेळ त्यांनी टक्कर दिली. समोरच्या बाजूला उभे असलेले प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांनी ती युक्ती लगेच उचलली आणि तिला लष्करातला शब्द दिला, 'प्लटून'. दुबळ्याने काढलेली वाट बलवानाने आपलीशी केली. इतिहासात हे नेहमीचेच आहे.

व्यावसायिक लीगमध्ये हेच जरा विचित्र रीतीने घडले. 1943 साली तिथे मुक्त बदलीला परवानगी मिळाली, पण त्याच वर्षी बदलायला माणसेच नव्हती. संघाची मर्यादा 33 वरून 28 वर आणली होती. पिट्सबर्गच्या स्टीलर्सची अवस्था तर अशी, की त्यांना शेजारच्या फिलाडेल्फियाच्या ईगल्सशी एका हंगामापुरता संसार मांडावा लागला. लोक त्या संघाला 'स्टीगल्स' म्हणत. खेळाडू दिवसा युद्धसाहित्याच्या कारखान्यांत काम करत आणि संध्याकाळी सराव. लष्कराने नाकारलेले बरेच जण त्यांत होते. टोनी बोव्हा हा एका डोळ्याने पूर्ण अंध होता आणि दुसऱ्याने अधू. तरी फेकलेले चेंडू झेलण्यात संघात तोच पहिला आला. या संघाने पाच सामने जिंकले, चार हरले, एक बरोबरीत सोडवला. पुढच्या वर्षी पिट्सबर्गने शिकागोच्या कार्डिनल्सशी सोयरीक केली आणि दहाच्या दहा सामने गमावले. आजच्या ऑगस्टमधल्या चिंता वाचताना मला हे दोन हंगाम हटकून आठवतात.

1950 पासून व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुक्त बदली कायमची झाली. महाविद्यालयांनी मात्र 1953 साली घड्याळाचे काटे उलटे फिरवले. दोन तुकड्या म्हणजे दुप्पट मुले, दुप्पट शिष्यवृत्त्या. छोट्या महाविद्यालयांना हा खर्च पेलत नव्हता आणि कित्येकांनी खेळच बंद केला होता. शिवाय जुन्या वळणाच्या प्रशिक्षकांना बाजूला बसून दम खाणारा खेळाडू मुळातच मान्य नव्हता. ही बंदी हळूहळू ढिली होत 1965 पर्यंत संपली. त्याआधी 1960च्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाचा चक बेडनारिक चढाईतही खेळला आणि बचावातही, जवळजवळ पूर्ण सामनाभर. तेव्हाच लोक त्याच्याकडे गेल्या युगातला माणूस म्हणून पाहत होते.

मुक्त बदलीने खेळाडूचे शरीर बदलले, आणि माझ्या मते हीच या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. जो माणूस साठ मिनिटे चढाई आणि बचाव दोन्ही करतो, त्याला फार जड होऊन चालत नाही. त्याला धावायचे असते. पण ज्याला फक्त बचावाच्या पहिल्या रांगेत आदळायचे आहे, त्याला वजन हवे. वजन वाढले की दम लवकर लागतो. दम लागतो म्हणून बदली हवा. बदली आहे म्हणून आणखी वजन चालते. विश्रांतीसाठी केलेल्या नियमातून हे चक्र सुरू झाले आणि अजून थांबलेले नाही. 1970च्या दशकात जो ग्रीनचे 275 पौंड, म्हणजे सव्वाशे किलो, हे दबदबा निर्माण करणारे वजन होते. आज त्याच्या जागी खेळणारे तीनशे पौंडांच्या वर सर्रास आढळतात.

जो ग्रीनचे नाव आले म्हणजे पुन्हा पिट्सबर्गला जायला हवे. 1969च्या जानेवारीत चक नोल प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी पहिली निवड केली ती नॉर्थ टेक्सस स्टेटच्या ग्रीनची. हा कोण, असे स्थानिक वृत्तपत्राने मथळ्यातच विचारले. त्या वर्षी संघाने चौदांपैकी एक सामना जिंकला. पण नोल यांच्या आधीच एक माणूस संघाशी जोडला गेला होता, बिल नन. ते 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या नामांकित वृत्तपत्राचे क्रीडासंपादक. दरवर्षी ते कृष्णवर्णीय महाविद्यालयांतल्या उत्तम खेळाडूंचा संघ निवडून छापत. 1934 ते 1945 या काळात व्यावसायिक लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता; दारे उघडल्यावरही बऱ्याच संघांचे निवडकर्ते दक्षिणेतल्या या महाविद्यालयांकडे फारसे फिरकत नसत. नन यांना स्टीलर्सकडून मिळणारी वागणूक पसंत नव्हती, म्हणून ते त्यांच्याकडे जातही नसत. मालकपुत्र डॅन रूनी यांनी त्यांना बोलावले, तक्रार ऐकून घेतली आणि कामच देऊ केले.

त्यातून जे घडले ते 'स्टील कर्टन', पोलादी पडदा. ग्रीनबरोबर एल. सी. ग्रीनवुड, ड्वाइट व्हाइट आणि अर्नी होम्स. ग्रीनवुड दहाव्या फेरीत निवडलेला, होम्स आठव्या. दोघेही कृष्णवर्णीय महाविद्यालयांतले, म्हणजे इतरांनी पाहिलेच नाही अशा मुलखातले. 8 डिसेंबर 1975च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर या चौघांचे चित्र आहे.

मुखपृष्ठावर नसलेला पाचवा माणूस स्टीव्ह फर्नेस. ऱ्होड आयलंड विद्यापीठातून 1972 साली पाचव्या फेरीत आलेला. चौघांपैकी कुणी पडला तर आत जायचे, हे त्याचे काम. 1975च्या जानेवारीत त्याची वेळ आली असे सर्वांनाच वाटले. सुपर बोलसाठी संघ न्यू ऑर्लिन्सला पोहोचला आणि ड्वाइट व्हाइट न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झाला. आठवडाभर अंथरुणावर. वजन 18 पौंडांनी घटले. त्याच्या जागी फर्नेस तयार होऊन बसला. पण 12 जानेवारीच्या सकाळी व्हाइट अंथरुणातून उठून थेट मैदानावर हजर झाला. थोड्या वेळात कोसळेल आणि प्रश्न आपोआप सुटेल, अशा हिशेबाने त्याला खेळू दिले. तो कोसळला नाही. दुसऱ्या चतुर्थांशात मिनेसोटाच्या फ्रॅन टार्केंटनच्या हातून निसटलेला चेंडू त्यांच्याच गोलक्षेत्रात घरंगळला. टार्केंटनने झेप घेऊन तो धरला आणि व्हाइटने त्याला तिथेच गाठले. दोन गुण. सुपर बोलच्या इतिहासातली ती पहिली 'सेफ्टी'. मध्यंतरापर्यंत सामन्यात तेवढेच दोन गुण होते. पिट्सबर्ग 16-6 असे जिंकले. मिनेसोटाला जमिनीवरून धावत संपूर्ण सामन्यात फक्त 17 यार्ड पुढे जाता आले.

ही गोष्ट अमेरिकेत शौर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. मला मात्र ती वाचताना 1941 पूर्वीचा नियम आठवतो. कागदावरून तो नाहीसा होऊन तीन दशके उलटली होती, पण अंथरुणातून उठून आलेल्या त्या आजारी माणसाच्या मनात तो जसाच्या तसा होता. बाहेर गेलो तर परत येता येणार नाही. बदली जितका चांगला, तितकी ही भीती खरी. फर्नेस तर चांगलाच होता. पुढे होम्सची जागा त्याने मिळवली आणि 1978च्या हंगामाआधी होम्सला संघाने दुसरीकडे धाडले.

त्याच संघात माइक वेबस्टर होता. बचावफळीतला नव्हे, समोरच्या रांगेतला. म्हणजे सरावात रोज याच लोकांवर आदळणारा. 2002 साली पन्नासाव्या वर्षी तो गेला. त्याच्या मेंदूचे परीक्षण करणारे पिट्सबर्गचे डॉक्टर बेनेट ओमालू यांनी, वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा मेंदूविकार फुटबॉलपटूत आढळल्याचा निबंध 2005 साली प्रसिद्ध केला. त्यानंतर या खेळाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, सरावातले आदळणे कमी झाले. साठ-सत्तर धक्के नऊ जणांत वाटून घेण्याला आता निव्वळ डावपेच म्हणता येत नाही. पण वाटणारा प्रशिक्षक असतो, आणि तो धक्के मोजत नाही, दम मोजतो.

पोलादी पडद्यातले होम्स आणि व्हाइट दोघेही 2008 साली गेले. होम्स मोटार अपघातात, व्हाइट शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने. ग्रीनवुड 2013 साली. चौघांत ग्रीन तेवढे मागे राहिले. फर्नेस या सर्वांच्या आधी, 9 फेब्रुवारी 2000 रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने वारला. वय 49. खेळ सोडल्यावर तो प्रशिक्षक झाला होता. नव्वदच्या दशकात काही काळ स्टीलर्सच्याच बचावफळीचा. पहिल्या चौघांच्या मागे कोण, हे दर ऑगस्टमध्ये ठरवायचे काम तेव्हा त्याच्याकडे होते.