व्होस्तोकचा बर्फ

कॉलेजात पर्यावरणाच्या तासाला एक आलेख दाखवला होता. दोन वेड्यावाकड्या रेषा, एक तापमानाची, एक कार्बन डायऑक्साइडची, जुळ्या बहिणींसारख्या सोबतच वरखाली जाणाऱ्या. खाली बारीक अक्षरांत ‘व्होस्तोक’. मला ते कुणा शास्त्रज्ञाचं आडनाव वाटलं. परीक्षेत तसं लिहिलंही.

व्होस्तोक हे अंटार्क्टिकावरचं ठिकाण. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात अमेरिकेने नेमक्या दक्षिण ध्रुवावर तळ ठोकला, तर सोव्हिएत संघाने भूचुंबकीय ध्रुवाजवळची ही जागा घेतली. उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास. समुद्रकाठच्या मीर्नी तळावरून चौदाशे किलोमीटर ट्रॅक्टर हाकत सामान आणायचं. २१ जुलै १९८३ ला इथे उणे ८९.२ अंश नोंदले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिलमध्ये, वीजघराला आग लागून एक मेकॅनिक गेला. उरलेल्या वीस जणांना न्यायला हिवाळ्यात विमान येऊ शकत नव्हतं. घरगुती मेणबत्त्या आणि जुगाडू शेगड्यांवर त्यांनी तो हिवाळा काढला.

हे लोक १९७० पासून तिथे बर्फात भोक पाडत होते. दरवर्षी पडणारं बर्फ खालच्यावर दाबून बसतं आणि मधली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. म्हणजे जितकं खोल जावं, तितकी जुनी हवा.

ही हवा मोजता येईल हे क्लोद लोरियस या फ्रेंच शास्त्रज्ञाला १९६५ मध्ये सुचलं, तेही व्हिस्कीच्या ग्लासात. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर खोलातून काढलेल्या बर्फाचे तुकडे पेगमध्ये टाकले, ते फसफसले आणि बुडबुडे वर आले. (विज्ञानकथांमधल्या अशा किश्श्यांवर माझा सहसा विश्वास बसत नाही. पण हा त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे.)

आता परिस्थिती पाहा. बर्फ रशियनांकडे. तो तपासण्याचं तंत्र फ्रान्सच्या ग्रनोबलमध्ये. आणि बर्फावर उतरणारी, स्की लावलेली हर्क्युलिस विमानं अमेरिकेची. १९८४ साल. मॉस्कोच्या ऑलिम्पिकवर अमेरिकेने बहिष्कार घातला होता, त्याचं उट्टं सोव्हिएत संघाने याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये काढलं. अशा वर्षाच्या अखेरीस लोरियस अमेरिकी विमानात बसून सोव्हिएत तळावर उतरले, आणि बर्फाच्या कांड्यांचे नमुने त्याच विमानांतून फ्रान्सच्या वाटेला लागले.

याला मैत्री म्हणावं का? मला वाटतं, गरज म्हणावं. १९५९ च्या अंटार्क्टिक करारात निरीक्षणं एकमेकांना द्यायचं कलम होतं, पण बर्फाच्या पेट्या कुणी उचलायच्या हे त्यात नव्हतं. ते माणसांनी माणसांशी बोलून ठरवलं. तिघांपैकी एकानेही अंग काढून घेतलं असतं, तर ते दोन किलोमीटर खोल भोक नुसतं भोकच राहिलं असतं.

१९८७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले. बर्फातल्या जड हायड्रोजनच्या प्रमाणावरून तापमान, बुडबुड्यांवरून हवा. सुमारे १,६०,००० वर्षांचा हिशेब. हिमयुगात कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत २०० च्या आसपास, उबदार काळात २८० च्या आसपास. पुढे भोक ३,६२३ मीटरपर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये हिशेब ४,२०,००० वर्षांवर पोचला, तरी वरची मर्यादा जवळपास तीच राहिली. आज आपण ४२० च्या वर आहोत.

गेल्या आठवड्यात मी ती आकडेवारी फोनवर उतरवून घेतली. फुकट मिळते. साधी मजकुराची फाइल, एका रकान्यात वर्षं, दुसऱ्यात कार्बन. वर फ्रेंच आणि रशियन नावं एकाच ओळीत, आणि फाइल ठेवलेली अमेरिकी सरकारच्या सर्व्हरवर.