घरगुती संगणकांवर बेसिक का आली?

१९७७ नंतर बाजारात आलेले बहुतेक घरगुती संगणक सुरू करताच बेसिक ही भाषा हाताशी असे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी ती १९६४ मध्ये तयार केली होती. गणित-विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा तिचा हेतू होता.

घरगुती यंत्रांत तिची वर्णी लागली ती मुख्यतः मेमरीच्या टंचाईमुळे. पास्कलसारख्या भाषेचा कंपायलर आधी सगळ्या प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. त्याला जास्त मेमरी आणि सहसा डिस्क लागे. घरी मात्र साठवणीसाठी कॅसेट रेकॉर्डरच असे. बेसिकचा इंटरप्रिटर एकेक ओळ वाचून लगेच अमलात आणी, आणि चूक झाली तर तेवढीच ओळ पुन्हा टाइप करता येई. १९७५ मध्ये बिल गेट्स, पॉल ॲलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी अल्टेअर ८८०० या संगणकासाठी लिहिलेली बेसिक ४ किलोबाइट मेमरीत चाले. १९८१ च्या सिंक्लेअर झेडएक्स-८१ मध्ये तर वापरण्याजोगी मेमरी फक्त १ किलोबाइट होती. त्यामुळे 'प्रिंट'सारखा अख्खा शब्द एका कळीवर बसवला होता आणि मेमरीत तो एकच बाइट व्यापी.

या सोयीची किंमत होती. बेसिकचे प्रोग्रॅम संथ चालत आणि 'अमुक ओळीवर जा' असे सांगणाऱ्या 'गोटू' आदेशाच्या उड्यांमुळे त्यांचा गुंता होई. डच संगणकशास्त्रज्ञ एडस्खर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्येच तिच्यावर कडक टीका केली होती. १९८१ मध्ये एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोसाठी सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या बेसिकमध्ये नावाने बोलावता येणारे उपप्रोग्रॅम आले. वेगासाठी असेंब्ली भाषेतला भागही त्याच प्रोग्रॅममध्ये लिहिता येई. १९८४ मध्ये भारतात सुरू झालेल्या 'क्लास' योजनेतून हीच यंत्रे शाळांत पोहोचली.

बेसिक सोडून दुसरी वाट जुपिटर एस या घरगुती संगणकाने १९८२ मध्ये चोखाळली. त्यात फोर्थ ही आटोपशीर आणि बेसिकहून वेगवान भाषा होती. पण तिच्यात आकडे आधी आणि बेरजेचे चिन्ह नंतर लिहावे लागे. मासिकांत छापून येणारे प्रोग्रॅमही बहुतांशी बेसिकमध्येच असत. हे यंत्र फारसे खपले नाही.

पुढे मेमरी आणि डिस्क स्वस्त झाल्या. १९८३ मध्ये टर्बो पास्कल सुमारे ५० डॉलरला मिळू लागली आणि वेगवान कंपायलर सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आला. बेसिक घेण्याची सक्ती त्यानंतर ओसरत गेली.